देवमाशाचा एक मार्क

आमच्या चुरी बाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी आगाशीच्या बाजारात त्या दिसल्या की पन्नाशीतली माणसं अजून खिशातले हात बाहेर काढतात. कारण बाई कधी काय करायला सांगतील, नेम नाही. त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि सगळ्या विज्ञानात त्यांना सगळ्यात जास्त जिव्हाळा होता तो खुरांचा.

"हात बाकावर ठेवा," त्या म्हणायच्या. "अंगठा उचला. आता चार बोटं राहिली. मधली दोन नीट टेकवा, बाजूची दोन जरा वर घ्या. झालं डुक्कर. बाजूची अजून वर घ्या. झाली गाय. वजन मधल्या दोघांवर सारखं, म्हणून समखुरी. आता बाकी सगळं उचलून फक्त मधलं बोट टेकवा. झाला घोडा, विषमखुरी." अख्खा वर्ग मधलं बोट टेकवून बसायचा. त्यात काही वावगं आहे हे त्या काळी आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि बाईंना आजही ठाऊक नाही.

बाईंचं नाव वसुंधरा चुरी. आगाशीतच त्यांची केळी-नारळाची वाडी. यजमान जगन्नाथराव शांत माणूस. आयुष्यभर एका सरकारी खात्यात नोकरी केली आणि आता वाडीला पाणी घालतात. बाई बोलतात, जगन्नाथराव ऐकतात, आणि फारच झालं की पाणी घालायला जातात. त्यांची केळी आगाशीत सगळ्यात जोमदार का, याचं कारण हेच असावं.

मी बाईंचा विद्यार्थी. आणि माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर जितेंद्र राऊत होता.

नववीच्या सहामाहीत बाईंनी जोड्या लावायला दिल्या होत्या. डावीकडे गाय, घोडा, देवमासा, वटवाघूळ. उजवीकडे जलचर, उडणारा, समखुरी, विषमखुरी. जितेंद्रने गाय जलचर केली, घोडा उडवला, देवमासा समखुरी ठरवला आणि वटवाघळाला खूर लावले. चारपैकी शून्य. बाईंनी पेपर वर्गात वाचून दाखवला. गाय पोहली, घोडा उडाला, तिथपर्यंत कसंबसं हसू दाबलं होतं. पण "देवमाशाला खूर" म्हटल्यावर बाई स्वतःच हसायला लागल्या आणि मग वर्ग आवरेना. जितेंद्र अंगानं तेव्हाही भरलेला. त्या दिवसापासून तो "देवमासा" झाला. मैदानात देवमासा, बाजारात देवमासा, त्याच्या हळदीला बँडवाल्यालासुद्धा कुणीतरी तेच नाव सांगितलं होतं.

पुढे जितेंद्रने आगाशी सोडली आणि बोळिंजला मोठ्या संकुलात फ्लॅट घेतला. वाडीची कटकट नको, असं तो सांगायचा. खरं कारण मला माहीत होतं. बोळिंजला त्याला कुणी ओळखत नव्हतं. तिथे तो राऊत साहेब झाला, मग कमिटीत गेला, मग सोसायटीचा चेअरमन झाला. त्याची बायको स्वप्ना केळव्याची. तिलाही त्याने सांगून ठेवलं होतं की शाळेत मला जेआर म्हणायचे. पुढे त्याच इमारतीत मीही राहायला आलो. मी तोंड उघडलं नाही. मला गाडी लावायला खांबाशेजारची चांगली जागा मिळाली ती म्हणूनच, असं कुणी म्हणत असेल तर म्हणो.

सगळं सुरळीत चाललं असतं. पण गेल्या मे महिन्यात बाईंची भाची कृतिका चार दिवस राहायला आली. ती मुंबईत प्राणिशास्त्रात एमएस्सी करते. दुपारी ओटीवर बसून आंबे कापताना बाईंनी सहज जुना विषय काढला. समखुरी गणात कोण कोण? गाय, बकरी, हरीण, जिराफ, डुक्कर, उंट, पाणघोडा.

"आणि व्हेल," कृतिका म्हणाली.

बाईंची सुरी थांबली. "कोण?"

"व्हेल, आत्या. देवमासा. डॉल्फिनपण. ते आता समखुरींतच धरतात. खूप वर्षं झाली."

"देवमाशाला खूर आहेत?"

"आता नाहीत. पूर्वी पाय होते ना. पाणघोडा त्यांचा सगळ्यात जवळचा नातेवाईक."

बाईंनी आंबा खाली ठेवला. जगन्नाथराव सांगतात की तो आंबा मग कुणी खाल्लाच नाही.

पुढचे काही दिवस बाईंनी कृतिकेचा लॅपटॉप सोडला नाही. कृतिका परत गेली तेव्हा त्यांनी मुलाकडून टॅब मागवला. वाचता वाचता त्यांना कळलं की सगळी भानगड एका हाडावर आली आहे. घोट्याचं हाड. गाय, बकरी, हरीण, डुक्कर, उंट, कुणाचाही घोटा घ्या, त्यातलं एक छोटं हाड वर आणि खाली दोन्हीकडे विहिरीच्या कप्पीसारखं खाचेचं असतं. हे फक्त समखुरींत सापडतं. घोड्यात नाही, गेंड्यात नाही, कुत्र्यामांजरात नाही. आणि या शतकाच्या सुरुवातीला पाकिस्तानातल्या खडकांत पाय असलेल्या प्राचीन देवमाशांचे सांगाडे मिळाले, तर त्यांच्या घोट्यातही तीच दुहेरी कप्पी!

वाचून बाईंचं समाधान होणार नव्हतं. त्या बाजारात मटणाच्या दुकानात गेल्या आणि बकरीचा मागचा पाय मागितला.

"सूप करायचंय का बाई? पाये तोडून देतो," दुकानदार म्हणाला.

"तोडू नकोस. घोटा अख्खा पाहिजे."

त्या दुपारी जगन्नाथराव जेवायला बसले, कुकरचं झाकण उघडलं आणि आमटीसाठी डाव आत घातला. डावात हाड आलं.

"अहो, थांबा! तो देवमाशाचा पुरावा आहे!" बाई आतून ओरडल्या.

जगन्नाथरावांनी पुरावा परत आत सोडला आणि दहीभात कालवला.

हाड साफ झालं, उन्हात वाळलं, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात कापसावर विराजमान झालं. बाई ते दिवसभर हातात घेऊन फिरवायच्या. आणि मग एका सकाळी, चहा पिता पिता, त्यांनी कप खाली ठेवला.

"अहो, त्या जितेंद्रचं बरोबर होतं."

"कोण जितेंद्र?"

"राऊतांचा. नववीत त्याने देवमासा समखुरी लिहिलं होतं. मी शून्य दिलं. वर हसले."

"अगं, त्याचे केस पांढरे झाले आता."

"म्हणून काय झालं? त्याचा एक मार्क माझ्याकडे राहिलाय."

जगन्नाथराव पाणी घालायला गेले.

तो रविवार होता, आणि नेमका त्याच रविवारी सकाळी आमच्या सोसायटीची वार्षिक सभा होती. पोडियमवरच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. वातावरण तापलेलं. सी विंगमधल्या अल्पेशभाईंनी पार्किंगवरून आघाडी उघडली होती. चेअरमन मर्जीतल्या लोकांना जागा देतात, असं त्यांचं म्हणणं. हे ऐकताना मी खिडकीबाहेर बघत होतो. सेक्रेटरी हेमांगी मॅडम इतिवृत्त लिहीत होत्या. अल्पेशभाई उभे राहून म्हणाले, "आता बास झालं. चेअरमन बदली करायचा प्रस्ताव मांडतो मी."

एवढ्यात दार उघडलं आणि चुरी बाई आत आल्या. कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. आमच्या वॉचमनला त्यांनी काय सांगितलं देव जाणे, पण तो मागून सलाम करत आला होता.

जितेंद्रने त्यांना पाहिलं आणि तो उभा राहिला. नुसता उभा राहिला नाही, दोन्ही हात मागे बांधून उभा राहिला. माझेही हात टेबलावर कधी आले मला कळलं नाही.

"जितेंद्र, बस खाली," बाई म्हणाल्या. "तुझं चुकलं नव्हतं. माझं चुकलं होतं. एवढंच सांगायला आले."

अल्पेशभाईंना वाटलं ही पार्किंगचीच काहीतरी गोष्ट आहे. ते अदबीने म्हणाले, "आंटी, काय चुकलं ते जरा सगळ्यांना सांगा ना."

जितेंद्रने डोळ्यांनी माझा धावा केला. मी काय करणार? बाईंना आजवर कुणी मध्येच थांबवलेलं नाही.

"सांगते की," बाई म्हणाल्या. "हा नववीत असताना याने लिहिलं की देवमासा समखुरी आहे. मी याला शून्य दिलं. सगळे याला देवमासा म्हणून चिडवायला लागले. आजही आगाशीत याला सगळे देवमासाच म्हणतात. पण याचं बरोबर होतं!"

पहिल्या रांगेत स्वप्ना बसली होती. तिने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. "जेआर?" ती म्हणाली.

मागच्या रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसऱ्याने. बाईंना ते आवडलं नाही. हसणारा वर्ग आवरायचा त्यांचा एकच उपाय होता.

"हात टेबलावर ठेवा," त्या म्हणाल्या.

आणि मी डोळ्यांनी पाहिलं, बँकेतले, आयटीतले, शेअरबाजारातले, मंत्रालयातले, सगळ्यांनी ठेवले. ज्यांच्यापुढे टेबल नव्हतं त्यांनी मांडीवर ठेवले. बाईंनी त्यांचं डुक्कर केलं, गाय केली, घोडा केला. घोडा करताना कॉलेजातली दोनचार पोरं खोकली, पण बाईंच्या ते गावीही नव्हतं. मग त्यांनी श्रीखंडाचा डबा काढला. हाड हातोहात फिरलं. बी विंगच्या एक काकू ते बोटांनी फिरवत म्हणाल्या, "किती गुळगुळीत आहे! हस्तिदंत का?"

"बकरीचा घोटा," बाई म्हणाल्या.

काकू चातुर्मासात कांदासुद्धा खात नाहीत. हाड अल्पेशभाईंच्या मांडीवर पडलं. पण अल्पेशभाई तोवर रंगात आले होते. त्यांनी ते उचललं, उजेडात धरलं आणि विचारलं, "मॅडम, मतलब गाय आणि व्हेल रिश्तेदार?"

"गाय डुकरापेक्षा देवमाशाला जवळची. उंटापेक्षाही जवळची."

"पन दिसते तर नाय तशी."

"तुमचा चुलतभाऊ तुमच्यासारखा दिसतो का?"

"नाय हो! तो सहा फूट आहे."

"मग?"

अल्पेशभाई खाली बसले. बाई पुढे निघाल्या. सगळ्यात आधी उंटाचं घराणं वेगळं झालं, मग डुकराचं, मग गायी-बकऱ्या-हरणांचं, आणि शेवटी राहिले पाणघोडा आणि देवमासा. पाणघोडा काठावर थांबला, देवमासा आत गेला. मासा शेपूट डावी-उजवीकडे हलवतो, देवमासा वर-खाली. कारण त्याचे पूर्वज जमिनीवर धावायचे, आणि धावणाऱ्या प्राण्याची पाठ वर-खालीच वाकते. हे दाखवण्यासाठी बाईंनी खुर्च्यांच्या मधून थोडं धावूनही दाखवलं.

हेमांगी मॅडमनी हळूच विचारलं, "हे इतिवृत्तात घ्यायचं का?"

"घ्या," बाई म्हणाल्या.

त्या पाणघोड्याचा खुलासा करत असतानाच फुगे घेऊन माणसं आत यायला लागली. हॉल दुपारी कुणाच्या तरी वाढदिवसाला दिला होता. सभा आटोपती घ्यावी लागली. चेअरमन बदलण्याचा प्रस्ताव मतदानाला आलाच नाही. इतिवृत्तात मात्र नोंद झाली: देवमासा हा समखुरी गणातील असल्याचे सभेने एकमताने मान्य केले.

जितेंद्रची खुर्ची वाचली. पण बोळिंजला येऊन एवढ्या कष्टानं पुसलेलं नाव संध्याकाळपर्यंत चारही विंगमध्ये पोचलं. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सुप्रभातच्या फुलांऐवजी कारंजं उडवणारे देवमासे यायला लागले. लिफ्टमध्ये लहान मुलं त्याच्या पायांकडे बघायची. दोन दिवस त्याने सहन केलं, तिसऱ्या दिवशी मला गाडीत घातलं आणि तडक आगाशी गाठली.

बाई ओटीवर केळी निवडत होत्या. जगन्नाथराव झोपाळ्यावर.

"बाई, काय केलंत हे!" जितेंद्र दारातूनच म्हणाला. "सगळी सोसायटी देवमासा म्हणते मला."

"चांगलं नाव आहे. पृथ्वीवर त्याच्याएवढा मोठा प्राणी झालेला नाही."

"मला मार्क नको होता, बाई."

"तुला नको असेल. मार्क उत्तराचा असतो. उत्तर बरोबर होतं." बाईंचा आवाज मऊ झाला. "मला एकच सांग. त्या काळी हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. तू कशावरून लिहिलंस? कुणी सांगितलं होतं? का तुझं तुलाच सुचलं?"

मी सांगतो, त्या क्षणी बाईंच्या डोळ्यांत जे कौतुक होतं ते पाहून कुणीही थाप मारली असती. पण जितेंद्र चिडलेला होता.

"मला काहीच येत नव्हतं," तो म्हणाला. "आदल्या दिवशी नवीन पट्टी घेतली होती. मी सरळ रेघा मारल्या. जे समोर आलं ते आलं."

बाईंच्या हातातलं केळं सालीसकट दबलं.

"म्हणजे तुला माहीत नव्हतं?"

"तुम्हाला तरी कुठे माहीत होतं, बाई?"

झोपाळ्याची कडी करकरली. जगन्नाथराव हसत होते. आवाज न करता, पण सगळा झोपाळा हलत होता. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा ते उठले, पण पाणी घालायला गेले नाहीत. हे ऐकायला थांबले.

बाईंनी दबलेलं केळं बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "तुझं म्हणणं खरं आहे. दोघांनाही माहीत नव्हतं. तू पट्टीवर विश्वास ठेवलास, मी पुस्तकावर. पण मग हा मार्क मला देता येत नाही. आणि तसाच ठेवताही येत नाही. तोंडी परीक्षा घ्यावी लागेल."

"मी नाही देणार."

"मग पुढच्या सभेला मी येते. पाणघोडा अर्धाच राहिलाय."

"कधी घेता परीक्षा?" जितेंद्र म्हणाला.

रविवारी सकाळी, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर, असं ठरलं. तिथे फेऱ्या मारायला उंट आणि घोडा दोन्ही असतात, त्यामुळे सम आणि विषम शेजारी शेजारी दाखवता येतात, असं बाईंचं म्हणणं.

तो आठवडा जितेंद्रने अभ्यास केला. सुरुवातीला शिव्या घालत केला. मी त्याला गाडीतून जाता-येता प्रश्न विचारायचो. उंटाच्या पोटाला कप्पे तीन, गायीच्या चार. उंट रवंथ करतो, पण रवंथ करणाऱ्यांच्या उपगणात त्याला घेत नाहीत, कारण ती कला तो वेगळीकडे शिकला. "म्हणजे गाडी लावतो, पण जागा नावावर नाही. नॉन-अलॉटी पार्किंग," जितेंद्र म्हणाला, आणि ते त्याच्या कायमचं लक्षात राहिलं.

मग एके दिवशी तो काश्मीरकडच्या खडकांत सापडलेल्या एका छोट्या प्राण्यापर्यंत पोचला. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचा. मांजराहून जरासा मोठा, बारीक पायांचा, लांब शेपटीचा, पिटुकल्या हरणासारखा. शास्त्रज्ञांना त्याच्या कानाचं हाड देवमाशासारखं जाड दिसलं, तेव्हा कळलं की हा त्या घराण्याच्या अगदी जवळचा. तो पाला खायचा बहुतेक काठावर, पण काही अंगावर आलं की पाण्यात उडी मारून लपायचा, असा त्यांचा अंदाज.

जितेंद्रने गाडी बाजूला घेतली. "बघ ना," तो म्हणाला, "एवढंसं जनावर. कुणीतरी मागे लागलं म्हणून घाबरून पाण्यात शिरायचं. त्याच्या भाऊबंदांतले काही पाण्यातच राहिले. पाय गेले, केस गेले, जहाजाएवढे झाले." त्याने इंजिन बंद केलं. "मी पण असाच आलो रे बोळिंजला."

मी म्हटलं, "पण तुझे पाय आहेत अजून." तो हसला, आणि त्यानंतर त्याने शिव्या घातल्या नाहीत.

रविवारी अर्नाळ्याला आम्ही सगळे गेलो. बाई, जगन्नाथराव, जितेंद्र, स्वप्ना आणि मी. परीक्षा बघायला अल्पेशभाईसुद्धा आले. बोलावलं कुणीच नव्हतं. किनाऱ्याला बोंबील वाळत घातलेले, आणि तिथेच इझाबेल बसली होती. ती आगाशीच्या बाजारात मासळी विकते आणि तिने बाईंना आठवीपर्यंत सहन केलेलं आहे. तीही फडक्याला हात पुसत मागोमाग आली.

उंट वाळूत बसला होता. गळ्यात घुंगरं, पाठीवर आरशांची झूल. बाईंनी उंटवाल्याला सगळं समजावून सांगितलं. त्याला एवढंच कळलं की यांना बसायचं नाही, नुसता पाय बघायचा आहे. उंटाला उठवायचे किती घ्यावेत हा विचार त्याने शेवटी सोडून दिला.

"जितेंद्र, पहिला प्रश्न. हा समखुरी कशावरून?"

जितेंद्र उंटाच्या पायाशी उकिडवा बसला. "दोन बोटं, बाई. तिसरं आणि चौथं. वजन दोघांवर सारखं. पण खूर नाही, नुसती नखं आहेत. चालतो मऊ गादीवर."

"शाब्बास. आणि याचं घराणं?"

"सगळ्यात आधी वेगळं झालं. आणि हे मूळचं राजस्थानातलं नाही, अमेरिकेतलं."

"क्या बोला?" उंटवाला म्हणाला.

एवढ्यात उंटाने मान खाली आणली आणि जितेंद्रच्या डोक्यावरची टोपी उचलली. स्वप्ना किंचाळली. जितेंद्र धडपडून वाळूत बसला. उंट शांतपणे टोपी चावायला लागला.

"हलू नकोस!" बाई आनंदाने ओरडल्या. "खालचा जबडा बघा सगळ्यांनी! कसा आडवा फिरतोय! गिळेल, आणि मग परत वर आणेल!"

"वर आणेल तर परत द्या," जितेंद्र म्हणाला.

उंटवाल्याने टोपी ओढून काढली. ती कुणी घालण्यासारखी राहिली नव्हती. शेजारचा घोडेवाला हे सगळं जवळून बघत होता. बाईंनी त्याच्या घोड्याकडे बोट केलं. "हा?"

"एक बोट. विषमखुरी. उंटाशी याचं काही नातं नाही."

"नाता कैसे नहीं मॅडम?" घोडेवाल्याला लागलं. "दोनो एक ही जगह खाते हैं, एक ही जगह सोते हैं."

"ते शेजारी झाले," बाई म्हणाल्या. "नातं वेगळं."

मग बाई समुद्राकडे वळल्या. समोर अर्नाळ्याचा किल्ला, मध्ये होड्या. त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा झाला. "शेवटचा प्रश्न. देवमासा समखुरी का? तीन कारणं."

जितेंद्रने वाळू झटकली आणि हात मागे बांधले. त्याने घोट्याची दुहेरी कप्पी सांगितली. कानाचं हाड सांगितलं. मग म्हणाला, "तिसरं, डीएनएची तपासणी केली तर पाणघोडा त्याच्या सगळ्यात जवळ येतो. आणि बाई, चौथंही आहे. त्याच्या पोटालाही गायीसारखे कप्पे आहेत."

"आणि गाय जलचर?" बाईंनी पटकन विचारलं. ही त्यांची जुनी खोड.

"नाही. तिथे माझं चुकलंच. घोड्याचं पण, वटवाघळाचं पण. चारपैकी एकच."

बाईंनी पर्समधून लाल पेन काढलं. लिहायला काही नव्हतं. मग त्यांनी जितेंद्रचा हात पुढे ओढला, आणि तळहातावर एक मोठा एक काढून त्याखाली सही केली. अल्पेशभाईंनी टाळ्या वाजवल्या. स्वप्नाने फोटो काढला. जितेंद्र, पन्नाशीचा चेअरमन, तो तळहात वाळूत कुठे टेकणार नाही असा उंच धरून उभा राहिला.

इतका वेळ गप्प असलेली इझाबेल म्हणाली, "बाई, येक इचारू? म्हंजे देवमासा मासलीत नाय धरायचा?"

"नाही. शास्त्राप्रमाणे मटण."

"मग उपवासकालात सुक्रवारी मटन बंद असतं, तवा तो पन चालनार नाय?"

"देवमासा कोण खातंय इथे, इझाबेल?"

"कोन नाय खात. पन इचारून ठेवलेलं बरं." तिने थोडा विचार केला. "फादरला तुमी नका सांगू हां. ते आनखी येक पथ्य वाढवतील."

पार्किंगचा प्रश्न काही सुटला नाही. तो कुणाच्याच हयातीत सुटेल असं वाटत नाही. पण अल्पेशभाई आता जितेंद्रला लिफ्टमध्ये गाठून विचारतात, हरणाची शिंगं दरवर्षी गळतात तर बकरीची का नाही, आणि जितेंद्रही लिफ्टचं दार पायाने अडवून सांगतो. पुढच्या निवडणुकीत तो परत निवडून आला. देवमासा म्हटलं की आता तो वळून बघतो. स्वप्नाही भांडण नसलं की तेच म्हणते.

बाईंचं मात्र एवढ्यावर भागलं नाही. परवा मी सहज आगाशीला गेलो होतो. जेवणं चालली होती. तेवढ्यात कृतिकेचा फोन आला. बाईंनी ऐकलं, फोन ठेवला आणि ताटाकडे बघत राहिल्या.

"काय झालं?" जगन्नाथरावांनी विचारलं.

"जिराफ. जगात एकच जात आहे, असं मी जन्मभर शिकवलं. ती म्हणते, आता चार धरतात."

जगन्नाथरावांनी भातावर आमटी घेतली. जरा थांबून, सावधपणे त्यांनी विचारलं, "जिराफावर कधी प्रश्न घातला होतास का?"

"रिकाम्या जागा भरा. जगात जिराफाच्या डॅश जाती आहेत."

"आणि कुणी चार लिहिलं होतं?"

बाईंनी डोळे मिटले. कुठली वर्षं, कुठले बाक, कुठले चेहरे त्यांच्या डोळ्यांपुढून गेले कोण जाणे. मग त्यांनी डोळे उघडले.

"सुझान," त्या म्हणाल्या. "खिडकीशी बसायची. ती आता कॅनडात असते."

जगन्नाथरावांनी मला वाढून घ्यायची खूण केली, स्वतःचा घास संपवला, पाणी प्यायले, आणि म्हणाले, "तिकडे थंडी साधारण कधी कमी होते?"